इंजिनातील तेल कमी पडले तर : होडीवाल्या बांधवांसाठी काही माहिती

गेल्या हिवाळ्यात रोह्याला लागून असलेल्या वरसे येथे एका परिचित कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. काका आणि पुतण्या असे दोघे सुट्टीच्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीत जाळे टाकतात. पुतण्या एरवी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्यांची फायबरची लहान होडी रोह्याच्या खाली खाडीकिनारी बांधलेली असते आणि तिला मागच्या फळीवर अडकवायचे सुमारे दहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. होडी किनाऱ्यावर राहते, पण इंजिन मात्र चोरीच्या भीतीने प्रत्येक वेळी काढून टेम्पोतून घरी आणले जाते. आम्हाला कोर्लईला जायचे होते. रस्त्याने जाण्याऐवजी खाडीने चला, असा दोघांनीही आग्रह केला आणि आम्हीही तो आनंदाने मानला.

अर्धा तास प्रवास झाला असेल, एवढ्यात इंजिनावरचा लाल दिवा लागला, बझर वाजू लागला आणि होडीचा वेग आपोआप मंदावला. पेट्रोलमध्ये कचरा आला असावा असे पुतण्याला वाटले. त्याने हँडल पिळून पाहिले, पण वेग वाढेना. मग इंजिन बंद करून तो पुन्हा दोरी ओढू लागला. तोच काका म्हणाले, "अरे, दोरी सोड. पहिलं तेल बघ." झाकण काढून तेलाची पट्टी बाहेर काढली, तर तिच्या टोकाला जेमतेम एक थेंब होता.

काकांचे हे एक वाक्य नसते, तर ते इंजिन त्याच दिवशी भंगारात निघाले असते, असे आम्हाला नंतर मेकॅनिकने सांगितले. तेव्हापासून या विषयावर लिहावे असे मनात होते. आमच्या वाचकांत वसई, उत्तन, अर्नाळा येथील कोळी बांधव पुष्कळ आहेत. त्यांच्या मोठ्या बोटींना आत बसवलेली डिझेल इंजिने असतात आणि त्यांची निगा ठेवणारी माहीतगार माणसेही बोटीवर असतात. लहान होडीवर मात्र तांडेल, खलाशी आणि मेकॅनिक ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे येतात. म्हणून हा लेख मुख्यतः लहान होडीवाल्यांसाठी आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की तेल कमी पडले तर ओतावे, म्हणजे काम झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे. तेल ओतल्याने पुढची हानी थांबते, झालेली हानी भरून निघत नाही. तेल कमी असताना इंजिन किती वेळ आणि किती वेगाने चालले, यावर आत काय घडले हे ठरते. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ते शोधून काढावे लागते, आणि शोधण्याला एक क्रम आहे.

प्रथम आत काय होते ते पाहू. आजकालची बहुतेक नवी इंजिने फोर स्ट्रोक असतात. त्यांत तेल खाली एका कुंडात साठलेले असते आणि पंप ते उचलून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोहोचवतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते व तिच्यात तेलाचा पातळ थर असतो. शाफ्ट या थरावर तरंगत फिरतो असे म्हटले तरी चालेल. थर तुटला की धातूवर धातू घासतो. तेल केवळ घर्षण कमी करते असे नाही, तर पिस्टनची उष्णताही वाहून नेते. म्हणून तेल कमी पडले की घर्षण वाढते आणि उष्णता बाहेर जाण्याची वाटही अरुंद होते. दहा अश्वशक्तीच्या इंजिनात मुळात तेल असते लिटरभराच्या आसपास. त्यातले पावशेर-अर्धा शेर गेले तरी ते थोडे समजू नये.

दाब कमी झाला की दिवा लागतो आणि अनेक इंजिनांत फेरे आपोआप मिनिटाला दोन हजारांच्या आसपास रोखले जातात. होडीचा वेग मंदावला तो यामुळे. ही यंत्रणा इंजिन वाचवण्यासाठी असते, पण पुष्कळांना तो बिघाडच वाटतो आणि ते हँडल आणखी पिळतात. येथे एक सूचना करावीशी वाटते. सर्व कंपन्यांचे दिवे सारखे नसतात. काही इंजिनांत हिरवा दिवा लागलेला असणे हे दाब ठीक असल्याचे चिन्ह असते आणि तो विझणे हा धोक्याचा इशारा असतो. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेचे ते एक पान तरी होडीवाल्याने वाचून ठेवावे.

आता पाण्यात असताना काय करावे ते सांगतो. इंजिन ताबडतोब बंद करावे आणि इंजिनाकडे वळण्यापूर्वी होडीकडे पाहावे. कुंडलिकेत ओहोटी लागली की प्रवाह रेवदंड्याच्या मुखाकडे ओढतो. तेथे खाडी समुद्राला मिळते आणि वारा असेल तर लाटा उंच उठतात. इंजिनात डोके घालून बसलेल्या माणसाला होडी कोठे चालली आहे याचे भान राहत नाही. काकांनी आधी नांगर टाकला, वल्ही हाताशी काढून ठेवली आणि मगच झाकणाला हात लावला.

त्यानंतर आठवावे की इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार शेवटपर्यंत पडत होती काय. धार बंद झाली असेल तर मूळ दुखणे थंड करणाऱ्या पाण्याचे असण्याचा संभव आहे. पाणी खेचण्याच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी किंवा चिखल अडकलेला असतो. आपल्या खाड्यांतील प्लास्टिक पाहता हे कारण दुर्मीळ म्हणता येणार नाही. धार व्यवस्थित पडत असेल तर तेलाकडे वळावे.

तेलाची पट्टी पाहताना इंजिन सरळ उभे असले पाहिजे. वर उचललेल्या किंवा तिरक्या इंजिनात पट्टी खोटे सांगते. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले तेल खाली उतरते. पट्टी एकदा पुसून, पुन्हा घालून मग वाचावी. केवळ पातळीच नव्हे तर रंग आणि वासही पाहावा. तेल दुधासारखे किंवा चहासारखे गढूळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पेट्रोलचा वास आला आणि तेल बोटांना पाण्यासारखे पातळ लागले, तर न जळालेले पेट्रोल तेलात उतरले आहे. जाळ्याबरोबर तासन् तास मंद गतीने चालणाऱ्या इंजिनात हे घडते. अशा वेळी पट्टीवरची पातळी कमी न होता उलट वाढलेली दिसते आणि मालकाला समाधान वाटते. वास्तविक ते तेल तेल राहिलेलेच नसते.

जवळ तेल असेल तर खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले तेल शाफ्टने घुसळले जाऊन त्याचा फेस होतो आणि फेस दाब धरत नाही. पुस्तिकेत सांगितलेले मरीन तेल नसेल तर त्याच जाडीचे मोटारीचे तेल अडचणीच्या वेळी घालून किनारा गाठावा आणि परतल्यावर ते बदलावे. तेल भरल्यावर लगेच सुरू करू नये. मनगटाला बांधायची लाल दोरीची क्लिप काढून ठेवावी म्हणजे ठिणगी पडत नाही, आणि मग सुरू करण्याची दोरी आठ-दहा वेळा सावकाश ओढावी. यामुळे पंप तेल वर चढवतो. हाताला कोठे अडकल्यासारखे, खरखरल्यासारखे लागते काय, हेही त्याच वेळी कळते. हात मोकळा असेल तर क्लिप लावून सुरू करावे व दिव्याकडे पाहावे. काही सेकंदांत इशारा गेला नाही तर बंद करावे. इशारा गेला, पण आतून टकटक असा धातूचा आवाज येऊ लागला, तरीही बंद करावे आणि वल्ही घ्यावीत. दोन्ही नसतील तर मंद गतीने जवळचा किनारा गाठावा, ठरलेले ठिकाण नव्हे.

आमच्या होडीत तेलाचा थेंबही नव्हता. तासभर नांगरावर थांबलो, मग रोह्याकडे जाणाऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला ओढून नेले. कोर्लई त्या दिवशी राहूनच गेले.

टू स्ट्रोक इंजिनाची गोष्ट निराळी आहे. जुनी इंजिने बहुधा याच प्रकारची असतात आणि आपल्या किनाऱ्यावर ती अजूनही पुष्कळ आहेत. त्यांत तेलाचे कुंड नसते, तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुष्कळ इंजिनांना पन्नासास एक हे प्रमाण असते, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला दोनशे मिलिलिटर तेल. इंजिन नवे असताना सुरुवातीचे काही तास याच्या दुप्पट तेल लागते. येथे लाल दिवा नसतो, बझर नसतो. कोणीतरी घाईत साधे पेट्रोल भरून आणले की पहिला इशारा इंजिनाच्या गतीतूनच मिळतो. कोणी ब्रेक दाबावा तशी गती उतरते, एक किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि इंजिन थांबते. दोरी ओढली तर ती हलत नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून सिलिंडरच्या लोखंडी भिंतीपेक्षा अधिक फुगलेला असतो व तो भिंतीला धरून बसतो.

खरी परीक्षा येथेच असते. अर्ध्या तासाने इंजिन थंड होते, पिस्टन आकसतो, दोरी पुन्हा ओढली जाते आणि पुष्कळदा इंजिन चालूही होते. माणूस देवाचे आभार मानून पूर्ण वेगाने निघतो. पण पिस्टनवर आता ओरखडे उठलेले असतात, त्याचा धातू भिंतीला माखलेला असतो आणि रिंगा खाचेत अडकलेल्या असू शकतात. दुसऱ्यांदा ते धरते तेव्हा सहसा सुटत नाही. म्हणून एकदा जाम होऊन सुटलेले इंजिन बरे झाले असे समजू नये. प्लग काढून त्या छिद्रांतून थोडे तेल सोडावे, काही वेळ मुरू द्यावे, हाताने हळू फिरवावे, आणि अगदी गरज असेल तरच योग्य मिश्रणावर मंद गतीने घरी यावे. जोर लावून, पाना घालून फिरवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्यात जे वाचले असते तेही मोडते.

स्कूटरचे टू-टी तेल बोटीला चालते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. एखाद्या फेरीपुरते, काहीच नसण्यापेक्षा ते बरे. रोजच्या वापराला मात्र नाही. स्कूटरचे इंजिन हवेने थंड होते व अधिक तापते, त्याच्या तेलात राख सोडणारी द्रव्ये असतात. बोटीचे इंजिन पाण्याने थंड होते. त्यात ही राख पिस्टनवर व प्लगवर साठते. बोटीच्या तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ अशी खूण असते, ती पाहून घ्यावे.

याला जोडूनच आजच्या पेट्रोलविषयी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि बोटीच्या इंजिनांचे बहुतेक निर्माते दहा टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतील दमटपणा शोषून घेते. पावसाळ्याचे दोन महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होऊ शकतो आणि पेट्रोल खेचणारी नळी तळाशीच असते. टू स्ट्रोक इंजिनाला अशा वेळी तेलाचा अंशही मिळत नाही, जरी मिश्रण करताना माप बरोबर घेतलेले असले तरी. म्हणून मासेमारीबंदी संपल्यावर जुने पेट्रोल वापरू नये, आणि मिश्रण करताना तेल ओतून स्वस्थ न बसता टाकी चांगली हलवावी.

पुन्हा वरसे येथील अंगणात येऊ. दुसऱ्या दिवशी इंजिन आंब्याखाली लाकडी घोडीवर टांगलेले होते आणि रोह्याहून आलेल्या मेकॅनिकने कामाला सुरुवात केली. त्याने प्रथम एक प्रश्न विचारला, तेल गेले कोठे? हा प्रश्न सुटल्याशिवाय नवे तेल भरणे व्यर्थ, असे त्याचे म्हणणे, आणि ते आम्हाला पटले. बाहेर कोठे गळती नव्हती. प्लग काढले तर एक प्लग तेलाने ओला होता. मग टेम्पोची फळी पाहिली. तेथे काळ्या तेलाचा हातभर डाग पडला होता. लहान फोर स्ट्रोक इंजिन आडवे ठेवायचे तर ते एका ठराविक कुशीवरच ठेवावे लागते. कोणती ते इंजिनावर किंवा पुस्तिकेत दाखवलेले असते. दुसऱ्या कुशीवर ठेवले की तेल सिलिंडरमध्ये व हवेच्या वाटेने बाहेर जाते. आदल्या आठवड्यात जागा कमी म्हणून ते उलट्या कुशीवर ठेवले गेले होते. चोरीपासून जपलेले इंजिन असे घरच्या वाटेवरच लुटले गेले म्हणायचे!

मग त्याने उरलेले तेल पांढऱ्या फडक्यावरून एका तसराळ्यात काढले. फडक्यावर उन्हात बारीक चमक दिसली. लोहचुंबक फिरवला, त्याला काहीच चिकटले नाही. पोलादाचा कण असता तर चिकटला असता. न चिकटणारी चमक बेअरिंगच्या मऊ धातूची किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असते. फिल्टर कापून उघडला, त्याच्या घड्यांत तीच चमक, पण थोडी होती. पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानंतर दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजले. येथे नुसता आकडा पाहून भागत नाही, दोन्ही सिलिंडरमधील फरक पाहावा लागतो. तो दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर कमी असलेल्या बाजूची रिंग किंवा व्हॉल्व्ह संशयास्पद ठरतो. येथे दोन्ही जवळपास सारखे निघाले, म्हणजे पिस्टन व रिंगा वाचल्या होत्या.

नवे तेल, नवा फिल्टर घालून इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून सुरू केले. तरी लाल दिवा जाईना! अशा वेळी सेन्सर खराब झाला असे म्हणून वायर काढून टाकणारे पुष्कळ असतात. ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. इंजिन बंद करून त्या गृहस्थाने सेन्सरची वायर सोडवली आणि क्षणभर चालवून पाहिले. वायर सुटल्यावरही दिवा तसाच राहिला असता तर वायर कोठेतरी कापून इंजिनाच्या अंगाला टेकली आहे असा अर्थ झाला असता. पण दिवा विझला. म्हणजे एकतर सेन्सर बिघडला किंवा दाब खरोखरच कमी आहे. या दोहोंतला निवाडा डोळ्यांनी होत नाही. सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावला. काटा पुस्तिकेतील आकड्यापर्यंत व्यवस्थित चढला. दोष सेन्सरचाच होता, नवा आणून बसवला. काटा चढला नसता तर पंप आणि बेअरिंगे उघडावी लागली असती, आणि खर्च पाहता मालकाने जुने इंजिन विकून कर्ज काढावे की काय, असा विचार करण्याची वेळ आली असती. अशा कुटुंबाच्या हिशेबात इंजिन हे घरानंतरचे सर्वांत मोठे धन असते.

फडक्यावरच्या चमकीचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. मेकॅनिकने त्यावर धाडसी उत्तर दिले नाही. पिंपात अर्धा तास मंद गतीने चालवून ते नवे कोरे तेल पुन्हा काढून टाकायचे, फिल्टर पुन्हा कापायचा आणि दहा तास पाण्यात चालवून तिसऱ्यांदा पाहायचे, असे त्याने सांगितले. पुतण्याला नवे तेल टाकून देणे जिवावर आले. पण चमक वाढते की थांबते, हे कळण्याचा दुसरा स्वस्त मार्ग नाही. एकदा दिसलेली चमक हा घडून गेलेल्या हानीचा अवशेष असू शकतो. पुन्हा दिसलेली चमक चालू असलेल्या हानीची असते.

खालच्या गिअरचे तेल निराळे असते, हेही येथे सांगून ठेवतो. पंख्याच्या शाफ्टला नायलॉनचा धागा गुंडाळला गेला की तेथील सील कापली जाते, पाणी आत शिरते आणि ते तेल दुधाळ होते. वरचे तेल पाहणारे खालचे विसरतात. तसेच खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुऊन काढावे, आणि तेल शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलावे. नव्या इंजिनाचे पहिले तेल मात्र वीस तासांनीच बदलतात.

कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम येथे पियरे जिले नावाच्या बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरूंनी मच्छीमारांसाठी प्लायवूडच्या लहान होड्या बांधण्याचे काम केले होते. लहान तंत्रज्ञान हे सोपे असते हा भ्रम आहे, असा त्यांचा अनुभव होता आणि आपल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी तो नोंदवला. त्या अंगणात बसून आम्हाला त्याची आठवण झाली. लहान इंजिनांवर कधी कधी फार मोठा भार येऊन पडतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा मच्छीमार बांधवांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आत नेल्या आणि हजारो माणसांना बाहेर काढले, ते अशाच मागे टांगलेल्या इंजिनांच्या बळावर. आपल्याकडेही पुरासाठी घेतलेल्या बोटी असतात व त्यांची इंजिने वर्षाचे अकरा महिने एखाद्या खोलीत पडून असतात. ती कोणत्या कुशीवर ठेवली आहेत आणि त्यांच्या पट्टीवर तेल कोठपर्यंत आहे, हे मे महिन्यात कोणीतरी जाऊन पाहावे, अशी आमची संबंधितांना विनंती आहे.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. तिसरे फडके काकांनी आमच्यासाठी मुद्दाम जपून ठेवले होते. उन्हात धरून पाहिले, नुसते तेल होते. होडीत आता लिटरभर तेलाची बाटली सुतळीने बांधलेली असते. टेम्पोच्या फळीवर पुतण्याने रंगाने एक मोठा बाण काढला आहे आणि त्याखाली लिहिले आहे, 'ही बाजू वर'.